चहा सोडलेला मिस्तरी

शिलाई मशीन दुरुस्त करायला पेचकस, तेलाची कुपी, थोडं रॉकेल, चिंध्या आणि दोन-तीन नंबरांच्या सुया लागतात. पण आमच्या जालना जिल्ह्यात एवढ्यावर भागत नाही. इथं मशीनला हात लावण्याआधी मिस्तरीला चहा प्यावा लागतो. मशीन उघडायच्या आधी एक आणि चालू झाल्यावर एक. पहिला पाहुणा म्हणून, दुसरा आनंदाचा. दिवसाला सहा-सात घरं झाली की बारा-चौदा अर्धे कप पोटात जायचे. एक्याऐंशी साली मी या धंद्यात पडलो तेव्हापासून सोळा वर्षं मी हा नेम कधी मोडला नाही. या धंद्यातली माझी खरी हुशारी विचाराल तर ती त्या चहात होती. पेचकस काय, कोणालाही फिरवता येतो.

लोकांना वाटतं, सुई खाली-वर होते आणि कापड शिवलं जातं. तसं नसतं. मशीनमध्ये दोन धागे असतात, एक वरून येणारा आणि एक खाली बॉबिनमध्ये बसलेला. सुई कापडातून खाली जाते आणि परतताना केसभर वर उठली की धाग्याचा एक बारीक फास तयार होतो. नेमकी तेव्हाच खालच्या शटलची, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या लोखंडी तुकड्याची, चोच तिथं आली पाहिजे आणि तिनं तो फास पकडला पाहिजे. लवकर आली तर फास तयार नसतो, उशिरा आली तर निघून गेलेला असतो. या भेटीला आम्ही टायमिंग म्हणतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या चुकलेल्या भेटीच्या असायच्या.

उरलेल्या निम्म्या खोबरेल तेलाच्या. मशीनचं तेल संपलं की बाया देवळीतली खोबरेलाची बाटली उचलतात. उन्हाळ्यात ते चालून जातं. थंडी पडली की तेच तेल मशीनच्या पोटात गोठतं आणि चाक जागचं हलत नाही. मग निरोप यायचा, "मिस्तरी, मशीन अवघडलंय." मी जाऊन विचारायचो, "काय घातलं ते खरं सांगा." बाई म्हणायची, "काहीच न्हाई." मी झाकण उघडायचो, आत पांढरं लोणी जमलेलं असायचं. रॉकेलनं सगळं धुऊन द्यायचो, वर दोन शब्द सुनवायचो. बाई हसून ऐकून घ्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा खोबरेलच. माझ्या संसारावर नारळाच्या झाडाचे फार उपकार आहेत.

माझं घर परतूरला. आष्टी आणि तिच्या आसपासची गावं, इकडं रेल्वेलाईनीवरची चार-दोन आणि महिन्यातून दोन-तीनदा जालन्यातला मस्तगड, अशी माझी फेरी ठरलेली होती. सायकलीच्या हँडलला पिशवी अडकवली की मी राजा. घरी बायको कमल आणि एकुलती एक मुलगी सुरेखा. फार नव्हतं, पण उणंही काही नव्हतं.

सत्त्याण्णवच्या सुमारास माझे पाय सुजायला लागले. चपलेचा अंगठा रुतायचा. मी चपलांच्या दुकानदाराशी भांडून आलो. मग तोंड सुजलं, आणि तोंडासाठी कोणाशी भांडावं ते कळेना. औरंगाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा समजलं, वर्षानुवर्षं बीपी चढलेलं होतं, मला त्याचा पत्ता नव्हता आणि दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. वर्षभर गोळ्यांवर ढकललं. मग आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. माझं रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनमध्ये गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. त्यासाठी डाव्या मनगटापाशी ऑपरेशन करून एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडली. त्या जागी बोट ठेवलं की आत घरघर जाणवते. डॉक्टर म्हणाले, "ही घरघर रोज सकाळी तपासायची. थांबली, बदलली, तर लगेच यायचं. ओळखता येईल ना?"

मी म्हणालो, "डॉक्टर, आवाजावरून ओळखायचं हाच माझा धंदा आहे."

ते सगळं मी हसत घेतलं. घेता आलं नाही ते पाण्याचं. किडनी बंद म्हणजे प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. म्हणून दिवसाला पाऊण लिटर. त्यात पाणी, ताक, पातळ वरण आणि चहा, सगळं आलं. कमलनं एक लहान तांब्या बाजूला काढला. सकाळी त्यात माझं दिवसभराचं पाणी मोजून भरायची आणि मी बाहेर काही पिऊन आलो की तेवढं त्यातून काढून टाकायची. या बाबतीत तिच्याशी हुज्जत घालून उपयोग नव्हता.

आता अडचण बघा. आठवड्याचे दोन दिवस दवाखान्यात जायचे. उरलेल्या दिवसांत घर आणि त्या दोन दिवसांचा खर्चा, दोन्ही काढायचं. म्हणजे जगायला पैसा पाहिजे, पैशाला फिरणं पाहिजे आणि फिरण्यात चहा होता.

यावर कोणी म्हणेल, मग सांगायचं लोकांना की मी आजारी आहे. ते मी करणार नव्हतो. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचे हात म्हातारपणी थोडे थरथरायला लागले होते. काम तेव्हाही माझ्यापेक्षा सरस करायचे. पण बातमी फुटली, आणि वर्षाच्या आत त्यांना कोणी बोलवेना. लोक वाईट नव्हते. लग्नसराई तोंडावर असताना मशीन बंद पडलं तर हा माणूस बराबर येईल का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तसं माझ्याबाबत कोणी विचारायला लागलं तर संपलंच. म्हणून मी ठरवलं, घराबाहेर कोणाला कळू द्यायचं नाही. मनगट झाकायला ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागलो. लोक म्हणायचे, मिस्तरी साहेब झाले.

दवाखान्यात मात्र मजा झाली. पलंगावर डावा हात बांधून पडलेलो असताना भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायचा. तिकडं चादरी आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे शिवायची खोली होती. ते मशीन टाके सोडत होतं. चार तास मी ते ऐकत पडलो, आणि खरं सांगतो, सुयांपेक्षा मला त्याचाच जास्त त्रास झाला. नळ्या काढल्या तसा मी डुलत डुलत त्या खोलीत गेलो. सिस्टर मागून ओरडत आल्या. आत एक वयस्कर शिंपीकाका घामाघूम होऊन बसले होते. मी म्हणालो, "काका, सुई काढून उलटी बसवा." सुईची एक बाजू चपटी असते, ती ठरलेल्या बाजूलाच यावी लागते. त्यांनी सुई फिरवली आणि मशीन सरळ पळायला लागलं. काकांनी आधी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या मनगटावरच्या पट्टीकडं. "तू पेशंट आहेस का मिस्तरी?" त्यांनी विचारलं.

दोन्ही, मी म्हणालो. त्यानंतर सिस्टरांच्या घरची मशीनं यायला लागली, एका आयाबाईंच्या सुनेचं आलं, रक्त तपासणाऱ्या बाईंचं आलं. डायलिसिस झालं की तास-दोन तास त्या खोलीत बसून उजव्या हातानं जमेल तेवढं करायचो. दवाखान्याच्या दिवशीही बोहनी व्हायला लागली. आणि तिथं माझ्या आजारपणाचं कोणाला नवल नव्हतं, कारण तिथं सगळेच आजारी होते.

पण फेरी ती फेरी. आष्टीचा बाजार नेमका माझ्या डायलिसिसच्या वारी भरायचा, म्हणून मी तिथं आदल्या दिवशी जायचो. एका एप्रिलमध्ये पाच घरं केली. प्रत्येक ठिकाणी "नको" म्हणालो आणि प्रत्येक ठिकाणी कप हातात आला. एका घरी ताकही झालं. संध्याकाळी बसस्टँडवर दम कोंडायला लागला. बसलो तर जास्त, उभा राहिलो तर जास्त. ऊन लागलं समजून कोणीतरी जीपमध्ये घालून घरी सोडलं आणि कमलनं मला कसंबसं औरंगाबादला पोहोचवलं.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय प्यालात?"

"पाहुणचार," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा असं प्यालात तर माझी-तुमची भेट व्हायची नाही. तुम्ही इथपर्यंत पोहोचणारच नाही."

पुढच्या खेपेला मी आष्टीत गयाबाईंकडं गेलो. गयाबाई ब्लाऊज शिवायच्या. पूर्ण गावात त्यांच्याइतकं बोलणारं कोणी नव्हतं. बशी पुढं सरकवत त्या म्हणाल्या, "घ्या मिस्तरी."

"नको वहिनी."

"का? आमच्या घरचा चहा कडू लागून राह्यला का?"

"तसं न्हाई."

"मंग कसं? मागच्या बारीला पेल्ते की."

माझ्या घशाला कोरड पडलेली, समोर वाफाळता चहा, आणि कानात डॉक्टर. कोणत्या देवानं जीभ हलवली माहीत नाही, पण मी म्हणालो, "मी चहा सोडलाय."

आमच्याकडं माणसं काशीला जाऊन आली की एखादी भाजी सोडतात, एखादं फळ सोडतात. नवस बोलला की काम होईपर्यंत गोड सोडतात. सोडलेल्या गोष्टीचा कोणी आग्रह करत नाही, उलट मान देतात. गयाबाईंनी बशी लगेच मागं घेतली आणि पदर सावरून विचारलं, "कशापायी सोडला?"

आता पुढचंही सांगणं आलं. मी म्हणालो, "पोरीचं लग्न जमेपर्यंत."

गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते चहासाठी.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे साधलं नाही ते या एका वाक्यानं साधलं. महिन्याभरात माझ्या सगळ्या फेरीत ही बातमी पसरली. मी दारात दिसलो की बाई आतल्या पोरीला सांगायची, "मिस्तरीला चहा आणू नको, त्यांचा नवस हाय." दोन डायलिसिसच्या मधे पाणी साठून माझं वजन वाढायचं, ते आता फारसं वाढेना. डॉक्टर खूश, कमल खूश. मी तर माझ्या अकलेवर फिदा होतो.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. आमच्याकडच्या माणसांना कोणाचा नवस नुसता बघवत नाही, तो पुरा करायला ती हात लावतात. चाळीसेक गावांतल्या बाया माझ्या मुलीला स्थळं शोधायला लागल्या. मशीन तपासून झालं की हातात मुलाची माहिती लिहिलेली चिठ्ठी पडायची. सुयांच्या डबीत चिठ्ठ्या, तेलाच्या कुपीला गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. एका गावात तर मुलगाच आणून बसवला होता, आणि मला इम्प्रेस करायला तो पायानं मशीन चालवून दाखवत होता. उलटं चालवत होता. धागा तोडला त्यानं.

सुरेखा तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. मी डायलिसिसला गेलेल्या एका दिवशी दोन गावांहून दोन वेगवेगळे पाहुणे एकाच वेळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. कमलनं दोघांनाही पोहे केले. दोघांनीही एकमेकांना मुलीकडचे समजून आदरानं बोलायला सुरुवात केली. संध्याकाळी मी घरी आलो तर सुरेखा दारातच उभी.

"किडन्या तुमच्या खराब, आन लग्न माझं?" ती म्हणाली.

मी तिला समजावलं. खरं बाहेर पडलं तर फेरी जाईल, फेरी गेली तर डायलिसिसचा खर्चा कुठून काढायचा, हे तिला माहीत होतं. तिनं पाहुण्यांच्या पोह्यांच्या बशा गोळा केल्या. मग म्हणाली, "मंग मी सगळ्यांना न्हाई म्हणत बसू का?"

"थोडे दिवस," मी म्हणालो.

ती म्हणत बसली. चांगली दीड वर्षं. कोणाचं घर लांब, कोणाचं नाक मोठं, कोणाची आई तोंडाळ, काहीही कारणं सांगून तिनं स्थळं परत लावली. गावोगाव तिचं नाव झालं की मिस्तरीची पोरगी फार नखरेल आहे, बाप बिचारा चहावाचून वाळून राह्यला. ते तिनं माझ्यासाठी सोसलं. मी ते तिला सोसू दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग मस्तगडच्या आपा. खैरुन्निसा आपांचं घर माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. साठीच्या घरातली विधवा बाई. पुढच्या खोलीत आठ मशीनं, त्यावर मोहल्ल्यातल्या आठ पोरी. शाळेचे गणवेश, परकर, बुरखे, सगळं तिथं शिवलं जायचं. आपांचा शब्द जालन्यातल्या शिलाईवाल्यांत असा चालायचा की त्यांनी एखाद्या मिस्तरीला नालायक म्हटलं तर त्यानं दुसरा धंदा बघावा. आणि आपांना चहा लागायचा. सकाळी चहा झाल्याशिवाय त्या सुई ओवत नसत. बशीत ओतून, डोळे मिटून प्यायच्या. त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं मी तसाच डोळे मिटून प्यालो होतो. त्यांना नवसाचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अच्छा. बच्ची का नाम क्या है?"

"सुरेखा."

"हौ," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला होता. ईद जवळ आलेली, कपड्यांचे ढीग पडलेले, आणि आपांकडून निरोप आला की तीन मशीनं एकदम अडली आहेत. दवाखान्यातून परत येताना मी जालन्याला उतरलो. झाकण उघडून पाहतो तर पांढरं लोणी. नव्या पोरीनं खोबरेल घातलेलं. "काय घातलं ते खरं सांग," मी नेहमीसारखा गरजलो. पोरगी खाली बघत बसली. मी रॉकेल घेऊन धुवायला बसलो.

सूर्य मावळला. सगळ्या जणींनी खजूर खाऊन रोजा सोडला, पाणी प्याल्या. मग किटलीभर चहा आला. थंडीत त्या चहाचा वास पूर्ण खोलीत भरला. माझं ठीक होतं, मला सवय झाली होती. पण आपांनी बशी घेतली नाही. दिवसभराचा उपास, एवढी थंडी, आणि आपा नुसतं पाणी पिऊन भिंतीला टेकून बसल्या. मी शेजारच्या पोरीला हळूच विचारलं, "आपांना बरं नाही का?"

पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच वेडा. "आपा ने चाय छोड़ी है ना," ती म्हणाली. "तुमारी सुरेखा का रिश्ता होने तक. एक बरस हो गया."

मी पेचकस खाली ठेवला. मी एक वर्ष त्यांच्याकडं येत होतो आणि मला दिसलं नव्हतं. आपा चहा पिणार नाहीत ही गोष्टच माझ्या डोक्यात शिरली नसती.

तिथून उठून निघून जाता आलं असतं. तीन मशीनं दुरुस्त करायची, सलाम करायचा आणि गाडी पकडायची. आपांना खरं सांगणं म्हणजे जालना हातचं घालवणं, आणि जालना गेलं की आठवड्यातलं एक डायलिसिस गेलं, इतका तो सरळ हिशोब होता. मी तिसरं मशीन पुसलं, चाक फिरवून पाहिलं, आणि मग बाही वर करून मनगट आपांपुढं धरलं.

"आपा, इथं हात लावा," मी म्हणालो.

त्यांनी बोट ठेवलं आणि झटकन काढून घेतलं. "या अल्ला, ये क्या घुर्र-घुर्र है?"

मग मी सगळं सांगितलं. किडन्या, दवाखाना, तांब्या, आष्टीचा बसस्टँड, गयाबाई, नवस. पोरींनी मशीनं थांबवली होती. आपा ऐकत राहिल्या. माझं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हमकू तो डाँटता है, क्या डाले सो सच बोलो करके," त्या म्हणाल्या. "ये बच्ची को अब्बी डाँटा. और खुद के अंदर का बिगाड़ छुपा के घूमता. दो बरस से. ऐसा मिस्तरी होता क्या?"

मी म्हणालो, "चुकलं, आपा. आता तुम्ही चहा घ्या."

"काय कू?"

"नवस खोटा होता ना."

"तेरा झूठा था," आपा म्हणाल्या. "मेरा तो सच्चा था. मैं अल्ला कू बोली थी, इस बच्ची का अच्छा होने तक नहीं पिऊँगी. अब उससे क्या बोलूँ, मिस्तरी मज़ाक किया करके?"

मी हत्यारं पिशवीत भरली. जाताना त्यांनी बजावलं, "अब मैं सबकू बोलने वाली. तू चुप बैठ."

त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मी पंधरा दिवस घरात धास्तावून बसलो होतो. दोन-तीन गिऱ्हाईकं गेली, ते खोटं कशाला सांगू. पण आष्टीला गेलो तर गयाबाईंच्या ओट्यावर मशीनची अकरा डोकी ओळीनं मांडलेली. शिलाई मशीनचा वरचा लोखंडी भाग दोन स्क्रू ढिले केले की टेबलापासून सुटतो, त्याला आम्ही डोकं म्हणतो. गयाबाईंनी आसपासच्या सगळ्या बायांना निरोप धाडून डोकी मागवून घेतली होती, मी गावोगाव पायपीट करू नये म्हणून. सायकलीवरून, बैलगाडीतून, एक तर एसटीत तिकीट काढून आलं होतं. आणि खोबरेल कोणी घातलंय ते प्रत्येकीनं कागदावर खरं खरं लिहून पाठवलं होतं. अकरापैकी नऊ खोबरेलवाल्या.

"नवसाचं खोटं बोलले ते बोलले," गयाबाई म्हणाल्या, "आमच्या भाच्याला उगी न्हाई म्हणायला लावलं. सोन्यासारखं पोरगं व्हतं." मग त्या आत गेल्या आणि नातीच्या भातुकलीतला पितळी कप घेऊन आल्या. त्यात जेमतेम दोन चमचे चहा मावत होता. "एवढा तर चालंल ना?" त्यांनी विचारलं. "घरातून कोरडं कसं पाठवावं माणसाला?"

एवढा चालत होता. त्या दोन चमच्यांना जी चव होती ती आधीच्या सोळा वर्षांच्या चहाला नव्हती. पुढच्या वर्षभरात माझ्या फेरीतल्या घराघरांत माझ्यासाठी भातुकलीतला एकेक कप राखून ठेवला गेला. कुठं पितळेचा, कुठं प्लास्टिकचा, एका घरी लाकडी, ज्यातून चहा पाझरायचा. पोरी खेळायला मागायच्या तर आया म्हणायच्या, तो मिस्तरीचा आहे. दिवसभराच्या सगळ्या कपांचा मिळून अर्धा पेला व्हायचा, आणि कमल तेवढा तांब्यातून कमी करायची. बाजाराच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून काम व्हायला लागलं, तसं माझं काम घटलं नाही, वाढलंच.

आपांचा चहा मात्र सुटलेलाच राहिला. सुरेखाला हे कळलं तेव्हा ती एकटी मस्तगडला जाऊन त्यांना भेटून आली. मी पहिल्याच स्थळाला हो म्हणते, असं काहीतरी बोलली असणार. आपांनी तिला समोर बसवून सांगितलं, "जल्दी नको कर बेटी. मैं तेरा अच्छा होना बोली थी, जल्दी होना नहीं बोली थी." सुरेखानं बी.ए. केलं, बी.एड. केलं, एका शाळेत नोकरीला लागली. तोवर चार वर्षं गेली. आपा पाणी पीत राहिल्या.

मग एका रविवारी सुरेखानं आम्हा दोघांना बसवून सांगितलं की शाळेतल्याच एका मास्तरांशी तिनं लग्न ठरवलंय. कमल रडायला लागली, मी काय करावं ते न कळून मनगटावर बोट ठेवून बसलो. मुलगा बघायचा, देणंघेणं बोलायचं, सगळं पुढं होतं. सुरेखा म्हणाली, "ते नंतर. आधी जालन्याला चला."

कमलनं घर सांभाळलं. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं गेलो. आपांच्या स्वयंपाकघरात शिरून सुरेखानं स्वतः चहा ठेवला. आलं ठेचलं, साखर घातली, दूध घातलं, आणि बशी घेऊन पुढच्या खोलीत आली. काही न सांगताच सगळ्यांना कळलं. आठही मशीनं थांबली. आपांनी चहा बशीत ओतला, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग दुसरा. पाच वर्षांनंतरचा चहा. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे होतो.

"शक्कर कम है," आपा म्हणाल्या.

पोरी खदखदून हसल्या. सुरेखानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि आपांनी तिला तशीच ओढून मिठीत घेतली. बशीतला उरलेला चहा दोघींच्या अंगावर सांडला. मी भिंतीकडं तोंड करून एका मशीनचा पट्टा तपासत राहिलो. त्याला काही झालेलं नव्हतं.

फळीवरून माझा भातुकलीतला कप खाली आला. मी दोन चमचे प्यालो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कप पुन्हा पुढं केला. सुरेखानं माझ्याकडं रोखून पाहिलं. मग भरला.

घरी आल्यावर कमलनं विचारलं, "काय प्यालात?" आणि मी खरं सांगून टाकलं. तिनं तांब्या उचलला आणि त्यातून बराबर चार चमचे पाणी काढून तुळशीला घातलं.